अलीकडे कोणत्या रेकॉर्डी घेतल्यात? (आणि माझी एक बिननावाची)

जुनी_तबकडी

गेल्या रविवारी पुण्यात जुन्या बाजारात चक्कर झाली. पाऊस नुकताच उघडला होता, ताडपत्र्या अजून गळत होत्या. एका पथारीवर पितळी समया आणि मिक्सरची भांडी यांच्या मधोमध रेकॉर्डींची चळत आडवी रचलेली आणि वर कोळशाची जुनी इस्त्री ठेवलेली. बघूनच जीव कळवळला. वरच्या सगळ्या सिनेमाच्या होत्या. तळाशी पाचसहा शास्त्रीय निघाल्या, त्यातल्या तीन घेऊन आलो.

पहिली म्हणजे उस्ताद अमीर खाँसाहेबांची मारवा आणि दरबारीची एलपी. ही गाणी माझ्या फोनवर दहा वर्षं आहेत, प्रवासात शेकडो वेळा ऐकली असतील. तरी परवा रात्री ती तबकडी लावली आणि पहिल्यांदाच ऐकतोय असं वाटलं. मारव्यात खाँसाहेब षड्जावर येतात ते थांबायला येतच नाहीत, टेकतात आणि लगेच कोमल रिषभाकडे किंवा खाली धैवताकडे निघतात. झुमरा तालाची ती संथ लय, आणि समेवर येण्याची कसलीच घाई नाही. फोनवर मारवा संपला की लगेच दरबारी सुरू होतो. इथे मारवा संपल्यावर उठावं लागलं, बाजू उलटावी लागली. मधला अर्धा मिनिट खोलीत नुसता पंख्याचा आवाज होता आणि डोक्यात तो रिषभ. त्या अर्ध्या मिनिटासाठी तरी मी ही एलपी पुन्हा घेईन.

दुसरी ७८ची, म्हणजे मिनिटाला ७८ फेऱ्यांची, फैयाज खाँसाहेबांचा नटबिहाग, 'झन झन झन झन पायल बाजे'. हिला कडेपासून आत बोटभर केसासारखा तडा गेलाय, त्यामुळे सुरुवातीला दर फेऱ्याला टक् होतं. पण तो आवाज! माणूस समोर बसून हात पुढे करून गातोय असं वाटतं.

तिसरीसाठी हा धागा काढलाय. ७८चीच आहे, दोन्ही बाजूंना ध्वनिमुद्रण आहे, पण मधला कागद ओलीने पार गेलाय. तांबूस डाग तेवढा उरलाय, अक्षर एकही नाही. बाईंचा आवाज, साथीला पेटी आणि तबला. बंदिशीचे शब्द धड लागत नाहीत. अगदी शेवटी गाणं संपल्यावर बाई काहीतरी बोलतात, पण खरखरीत बुडून जातं. कुणी सांगू शकेल का, कुठून सुरुवात करू?

आणि बाकीच्यांनीही अलीकडे काय घेतलंत ते लिहा. नुसतं नाव नको, ऐकून काय वाटलं ते लिहा.

समेवर

मस्त खरेदी! मारव्याबद्दल अगदी सहमत. त्या रेकॉर्डीत एकही जागा टाळीसाठी घेतलेली नाही.

माझी अलीकडची खरेदी म्हणजे किशोरीताईंची भूप आणि बागेश्रीची एलपी. दादरला एका घरातलं सामान आवरत होते, तिथे मिळाली. 'सहेला रे' सगळ्यांनाच पाठ असतं, पण मी या वेळी आधीचा विलंबित ख्याल, 'प्रथम सुर साधे', तीन रात्री सलग ऐकला. भूपात पाचच स्वर. मध्यम नाही, निषाद नाही, लपायला जागाच नाही. ताई गंधारावर येतात तेव्हा प्रत्येक वेळी तो थोडा वेगळ्या वजनाचा असतो. कधी रिषभातून वर सरकत येतो, कधी पंचमावरून खाली उतरून येतो. 'सहेला रे' हे या सगळ्यानंतर ऐकायचं गाणं आहे. नुसतं तेवढंच कापून ऐकवतात तेव्हा मला फार हळहळ वाटते.

तुमच्या तिसऱ्या रेकॉर्डीबद्दल मला काही कळत नाही. खर्जकाका येतीलच.

खर्ज

आलो. जुनी_तबकडी, आधी एक सांगा, ही रेकॉर्ड तुम्ही कोणत्या पिनेने लावलीत? एलपीच्या पिनेने लावली असेल तर आजच थांबवा.

एलपीची खाच बारीक असते, तिच्या पिनेचं टोक साधारण १८ मायक्रॉन त्रिज्येचं. ७८ची खाच रुंद, तिला ७५ मायक्रॉनच्या आसपासचं टोक लागतं. बारीक पिन रुंद खाचेत घातली की ती भिंतींना नीट टेकत नाही, तळाशी जाऊन बसते. आणि तळाशी काय असतं? शंभर वर्षांची धूळ आणि लोखंडी सुयांचा चुरा. तुम्हाला ऐकू येणारी खरखर बरीचशी त्या तळाची आहे, गाण्याची नाही. ७८ची वेगळी पिन मिळते, ती मागवा.

धुताना स्पिरिट किंवा कसलंही अल्कोहोल वापरू नका. एलपी विनाइलची असते, तिला चालतं. ७८ लाखेची आहे. सुतार पॉलिश करायला चपडा कशात विरघळवतात? स्पिरिटमध्येच. तेच तुमच्या रेकॉर्डीचं होईल. डिस्टिल्ड वॉटर, त्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब, मऊ ब्रश, खाचेच्या दिशेने गोल फिरवायचा. पुन्हा साध्या डिस्टिल्ड वॉटरने धुवून लगेच सुती कापडाने टिपायची. भिजत ठेवायची नाही. तडा गेलेल्या फैयाज खाँना तर पाणी लावूच नका, कोरड्या ब्रशवर भागवा.

कागद गेला तरी ओळख जात नाही. खाचा संपतात आणि कागद सुरू होतो त्या मधल्या गुळगुळीत पट्टीत आकडे कोरलेले असतात. खोली अंधारी करा, टॉर्च अगदी आडवा धरा. सावलीत दिसतील. दोन्ही बाजूंचे उतरवून घ्या.

शेवटी बाई बोलतात हे फार महत्त्वाचं आहे. त्यावर सविस्तर लिहितो, आधी आकडे येऊ द्या.

मांडवीकाठ

धागा वाचून इतका आनंद झाला की लगेच लिहायला बसले. मी गोव्यातून.

मी या वर्षी केसरबाईंच्या ७८च्या दोन रेकॉर्डी घेतल्या. त्यांतली एक गौड मल्हार, 'मान न करीये'. पाऊस असा धो धो पडत होता आणि मी मागची खिडकी उघडी ठेवून लावली. केसरबाईंचा आवाज कसा आहे ते सांगायचं तर, तो कुठेही पातळ होत नाही. खालच्या सप्तकात जेवढा रुंद, तारसप्तकात तेवढाच रुंद. आणि तो आकार! पूर्ण उघडा, कंठात कुठे अडकत नाही. तान संपली असं वाटतं तिथून आणखी एक वळण निघतं, आणि श्वास कधी घेतला ते कळतच नाही.

केसरबाईंचं केरी गाव आमच्या घरापासून फार लांब नाही. लहानपणी शाळेत सांगायचे की केसरबाईंचा आवाज अवकाशात गेलाय, तेव्हा मला ते गोष्टीतलं वाटायचं. १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांवर सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी पाठवली, तिच्यात त्यांची भैरवी आहे, 'जात कहाँ हो'. व्हॉयेजर-१ उडालं ५ सप्टेंबरला आणि बाई गेल्या १६ सप्टेंबरला. अकरा दिवसांचं अंतर. ही तारीख आठवली की मला दरवेळी गलबलून येतं.

तीनताल

सगळ्यांच्या खरेदीबद्दल अभिनंदन, पण मला एक वेगळा मुद्दा मांडायचाय, मनापासून.

७८च्या रेकॉर्डीत एका बाजूला तीन-सव्वातीन मिनिटं मिळतात. ख्याल हा तीन मिनिटांचा प्रकार नाही. ज्या गायकाला षड्ज लावायलाच पाच मिनिटं हवीत, त्याला घड्याळ दाखवून गायला लावलं आणि त्याला आपण आज 'दस्तऐवज' म्हणतो. अल्लादिया खाँसाहेबांचं एकही ध्वनिमुद्रण आपल्याजवळ नाही, भास्करबुवा बखल्यांचं नाही. जे नाही त्याची हळहळ मलाही आहे. पण जे आहे त्यावरून त्या पिढीचं गाणं कळलं असं म्हणणं मला पटत नाही. फैयाज खाँसाहेबांची मैफल ऐकलेली माणसं नोमतोमबद्दल, म्हणजे ख्यालाआधीच्या लांब आलापीबद्दल, जे सांगायची ते तीन मिनिटांत कुठे मावणार?

मी स्वतः आता फक्त मैफलींची ध्वनिमुद्रणं घेतो. लांब, पूर्ण, खोकल्यासकट.

पंचम_जुळवा

तीनतालदादा, तुमचा मुद्दा समजतो, तरी मला विरुद्ध बाजूने बोलू द्या. मी गाणं शिकतेय, सहावं वर्ष आहे. गुरुजींनी मला दोन महिने दुसरं काही दिलं नाही, फक्त जुन्या ७८च्या रेकॉर्डी दिल्या. वहीत घड्याळ लावून लिहून काढायचं : मुखडा कधी आला, अंतरा कधी, पहिली तान कुठून सुटली, शेवटची सम कुठे.

करीम खाँसाहेबांची झिंझोटीतली ठुमरी 'पिया बिन नाही आवत चैन' मी अशी उतरवली. पहिल्या स्वरापासून सूर लागलेला आहे. लागतोय असं नाही, लागलेलाच आहे. 'पिया बिन' एवढेच शब्द ते परत परत घेतात आणि प्रत्येक वेळी वेगळ्या वाटेने षड्जाकडे येतात. मोजून पाहिलं तर वाया गेलेली एकही जागा सापडत नाही. तीन मिनिटं आहेत म्हणून त्यांनी मोठं गाणं कापून छोटं केलं असं मला वाटत नाही. त्या मापाचं गाणं त्यांनी मुद्दाम रचलं. आमच्या पिढीला वेळ हवा तेवढा मिळतो, म्हणून मी विलंबितात पंधरा मिनिटं तेच तेच करत बसते. त्या रेकॉर्डींनी मला ते दाखवून दिलं.

अलीकडची खरेदी : हीच रेकॉर्ड, मिरजेहून. दर्ग्याच्या उरुसाच्या वेळी गाणं ऐकायला गेले होते, खाँसाहेबांच्या कबरीजवळ थोडा वेळ बसले. दुसऱ्या दिवशी तंबोऱ्याची खुंटी बदलायला एका कारागिराकडे गेले, तर त्यांच्या माळ्यावर ही होती. त्यांनी पैसे घेतले नाहीत. म्हणाले, तू गातेस ना, मग ने.

तीनताल

पंचम, हे वाचून गप्प झालो. घड्याळ लावून वही करण्याची कल्पना फार आवडली, मीही करून बघतो. मैफलीबद्दलचं मत मात्र तसंच आहे.

धारवाडी

आमच्याकडे रेकॉर्डी कमी, कॅसेट्स जास्त. परवा एका ग्रंथालयाने जुन्या कॅसेट्स काढून टाकल्या, त्यातली मी एक पिशवी भरून आणली. मल्लिकार्जुन मन्सूरांच्या सात. काही पुण्याच्या अलूरकरांनी काढलेल्या आहेत, त्यांचं ध्वनिमुद्रण आजही कान तृप्त करतं.

मन्सूरअण्णांचं गाणं मला कधी 'सुरू' होताना ऐकू येत नाही. तंबोरे लागले की ते आधीपासून चालू असलेल्या विचारात आपल्याला ओढून घेतात. आलाप वेगळा, बोल वेगळे, ताना वेगळ्या असे कप्पे नाहीत. लय आणि स्वर एकाच दोऱ्यात वळलेले. खट, शिवमत भैरव, एक निषाद बिहागडा, असे राग ते यमन गावा इतक्या सहज गातात. अवघड राग आहे हे त्यांच्या गळ्यावरून कळतच नाही, पुस्तक उघडल्यावर कळतं.

सातातल्या दोन वाजत नव्हत्या. कॅसेटच्या आत पितळी पट्टीवर छोटी फेल्टची गादी असते, ती गोंद सुकून पडलेली होती. ती गादी फीत हेडवर दाबून धरते. ती नसली की आवाज असा येतो की गायक शेजारच्या खोलीत उशीत तोंड घालून गातोय. एका रिकाम्या कॅसेटची गादी चिमट्याने काढून चिकटवली, स्क्रू परत आवळले, आणि अण्णांचा आवाज खोलीत आला. माझी मुलगी अभ्यास सोडून दारात येऊन उभी राहिली.

एक विनंती. जुन्या कॅसेटच्या फितीवर पांढरे ठिपके दिसले तर ती चांगल्या डेकमध्ये घालू नका. ती बुरशी असते, पुढच्या कॅसेटला लागते.

हडसनपलीकडे

मी न्यू जर्सीहून. इथे जुन्या रेकॉर्डी मिळणं अवघड, त्यामुळे सीडीचे पुनर्मुद्रित संच घेतो. अलीकडे ७८च्या रेकॉर्डींवरून केलेला एक संच घेतला. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण तक्रार करायची आहे.

आवाज 'स्वच्छ' केलाय. खरखर नाही, टकटक नाही. पण गाणं ऐकताना सारखं काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं. तिसऱ्या दिवशी लक्षात आलं की तंबोरा नाहीये. म्हणजे आहे, पण दोन ओळींच्या मध्ये गायक थांबला की तो विझतो आणि गायक परत सुरू झाला की उगवतो. खरखर काढणारी यंत्रणा सतत चालणारा बारीक आवाज शोधते आणि दाबते. तंबोऱ्याच्या जवारीचा झंकारही सततच असतो आणि बारीकच असतो. त्याला तीच वागणूक मिळाली. गायकाच्या श्वासाचंही तसंच झालंय. तान सुटायच्या आधीचा तो छोटासा श्वास गेला की तान हवेतून आल्यासारखी वाटते.

मला खरखर चालेल. खरखरीच्या मागचं ऐकायला कान पाच मिनिटांत शिकतो. पण जे पुसलं ते कुठल्याच कानाने परत येत नाही. पुनर्मुद्रण करणाऱ्या सगळ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे की न पुसलेली प्रत सोबत द्या.

समेवर

हडसन, अगदी मनातलं. माझ्या एका सीडीवर असंच झालंय.

जुनी_तबकडी

खर्जकाका, पिन आली, ७५ मायक्रॉनवाली. तुम्ही सांगितलं तसं धुतलं. पाणी चहासारखं निघालं, दोनदा बदललं.

आकडे दिसले! आडव्या टॉर्चमध्ये एका बाजूला पाच आकडे आणि शेवटी एक अक्षर, दुसऱ्या बाजूला शेवटचे दोन पुसट आहेत. तुम्हाला निरोपातून फोटो पाठवलाय.

नव्या पिनेने बाईंचा आवाज निम्म्या खरखरीतून वर आला. खूप उंच आणि टोकदार आवाज आहे. तबला अगदी लांबून. तंबोरा मुळीच ऐकू येत नाही, हे हडसन म्हणतात तसं पुसलं गेल्यामुळे नसणार, कारण ही मूळ तबकडी आहे. शेवटचं बोलणं अजून कळत नाही. फार भरभर आणि चिरक्या आवाजात बोलतात.

खर्ज

फोटो पाहिला. आकड्यांची माळ जुन्या काळातली दिसते. यादीशी ताडून बघायला वेळ लागेल. मुंबईच्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्समधल्या एका स्नेह्यांना पाठवतो, पण त्यांच्या उत्तराआधीच बरंच कळण्यासारखं आहे.

तंबोरा नाही, कारण हे कर्ण्यासमोर केलेलं ध्वनिमुद्रण असणार. १९२५ पर्यंत ध्वनिमुद्रणाला मायक्रोफोन नव्हता. गायक एका मोठ्या कर्ण्यात तोंड घालून गायचा, आवाजाच्या नुसत्या धक्क्याने सुई मेणात खाच पाडायची. तबला मागे बसायचा, पेटी जवळ. तंबोऱ्याची ताकद त्या कर्ण्यापर्यंत पोहोचतच नव्हती.

शेवटची घोषणा त्याहून जुन्या काळाकडे नेते. १९०२ मध्ये कलकत्त्याला गौहरजानचं ध्वनिमुद्रण झालं तेव्हा मेणाच्या तबकड्या जर्मनीत हानोव्हरला जायच्या आणि तिथे रेकॉर्डी छापल्या जायच्या. तिथल्या कारागिरांना हिंदी येत नव्हतं. कोणती तबकडी कुणाची हे कळावं म्हणून गायक शेवटी स्वतःचं नाव सांगायचे. 'माय नेम इज गौहरजान' प्रसिद्धच आहे. १९०८ मध्ये कलकत्त्यालाच कारखाना निघाला, तरी घोषणेची सवय पुढे काही वर्षं राहिली.

आता तुमच्या 'भरभर आणि चिरक्या'कडे येतो. '७८' हा आकडा आपण ठाम समजतो, पण त्या काळी वेग सगळीकडे एकच नव्हता. कुठलं यंत्र चौऱ्याहत्तरच्या आसपास, कुठलं ऐंशीच्या. समजा ८०ने मुद्रण झालं आणि आपण ७८ने लावलं, तर सूर जवळजवळ पाव स्वर उतरतो. उलट, कमी वेगाने मुद्रण झालेली रेकॉर्ड ७८ने फिरवली की सूर चढतो, आवाज पातळ होतो. पूर्ण अर्धा स्वर चढला तर सव्वातीन मिनिटांचं गाणं अकरा सेकंद आधी संपतं. म्हणजे लयही बदलते. आपण एखाद्या बाईंना 'फार द्रुत गायच्या' म्हणतो तेव्हा कित्येकदा आपलंच यंत्र धावत असतं.

तुमच्या टर्नटेबलला वेग कमीजास्त करायची पट्टी आहे का? असेल तर आधी मूळ ७८ तरी खरं आहे का ते बघा. ७७ काळ्या रेघा असलेली स्ट्रोबची चकती रेकॉर्डीवर ठेवायची आणि वीजपुरवठ्यावर लुकलुकणारा छोटा निऑन दिवा वर धरायचा. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे दिवा सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो. रेघा स्थिर दिसल्या की वेग ७७.९२. मागे सरकताना दिसल्या तर कमी, पुढे तर जास्त. तिथून हळूहळू खाली या.

पंचम_जुळवा

काका, पेटीवरून वेग नाही का काढता येणार? पेटीच्या काळी एक पट्टीचा सूर ठरलेला असतो ना?

खर्ज

छान प्रश्न. आजची पेटी असती तर बरंचसं जमलं असतं. त्या काळच्या पेट्या सगळ्या एकाच सुरात बांधलेल्या नसायच्या, त्यामुळे पेटीवरून अंदाज येतो, खात्री होत नाही. पण इथे आपल्या हाताशी पेटीहून चांगली गोष्ट आहे. बाई शेवटी बोलतात. गाताना माणूस कितीही वर जाईल, पण बोलताना तो माणसासारखाच बोलतो. बोलणं ज्या वेगाला नैसर्गिक वाटेल, गाणंही त्याच वेगाचं.

मांडवीकाठ

वाह! किती सुंदर. यावरून आठवलं, व्हॉयेजरच्या त्या तबकडीबरोबर वाजवायची सुईसुद्धा पाठवलीय आणि आवरणावर ती किती वेगाने फिरवायची हे आकृतीत कोरलंय. ती मिनिटाला १६⅔ फेऱ्यांची आहे. आपल्या लोकांनी आपल्या घरातल्या रेकॉर्डींसाठीही एवढं लिहून ठेवायला हवं होतं.

धारवाडी

वेगाच्या चर्चेत एक भर. आवाज बदललेला दिसला की दरवेळी वेगावर जाऊ नये. गंगूबाई हनगलांच्या सुरुवातीच्या रेकॉर्डी 'गांधारी' या नावाने निघाल्या होत्या. मी त्यातली एक पहिल्यांदा ऐकली तेव्हा मलाही वाटलं की यंत्र जोरात फिरतंय. उंच, बारीक, गोड आवाज. आपल्याला माहीत असलेल्या गंगूबाईंचा तो खणखणीत, जवळपास पुरुषी आवाज कुठे! पण तो फरक खरा आहे, घशावरच्या इलाजानंतर त्यांचा आवाज बदलला. त्या नव्या आवाजात त्यांनी किराणा घराण्याची तीच स्वरांची शिस्त ठेवली, आणि माझ्या मते त्यांचं थोर गाणं त्या बदललेल्या आवाजातलंच आहे. दोन्ही एकापाठोपाठ ऐका. मी काल रात्री ऐकलं, आधी गांधारी आणि मग नंतरच्या काळातला त्यांचा शुद्ध कल्याण. झोप उशिराच लागली.

तीनताल

धारवाडी, शुद्ध कल्याणाचं ते ध्वनिमुद्रण किती लांबीचं आहे? मला हवंय.

धारवाडी

तुम्हाला आवडेल असंच, चाळीस मिनिटांच्या वर. खोकल्यासकट. निरोप पाठवा.

जुनी_तबकडी

काल रात्री झालं. सविस्तर लिहितो.

स्ट्रोबच्या चकतीवर कळलं की माझं टर्नटेबल मुळातच थोडं जोरात फिरत होतं, रेघा पुढे सरकत होत्या. ते ७८वर आणलं. मग शेवटच्या खाचांवर पिन ठेवायची, ते चार-पाच सेकंदांचं बोलणं ऐकायचं, पट्टी थोडी खाली, पुन्हा पिन. असं वीसेक वेळा केलं. शहात्तरला बोलणं बाईचं वाटायला लागलं. चौऱ्याहत्तरच्या जरा वर असताना ती एक मध्यमवयीन बाई झाली, दम लागलेली, घाईने पण ठसक्यात बोलणारी. त्याच्या खाली गेलो की आवाज जड आणि झोपाळू होत होता. म्हणून तिथेच थांबलो.

शब्द मात्र मला लागेनात. आई आतल्या खोलीत पडली होती. तिचं वय ८४. तिला हे चाललंय याची कल्पनाही नव्हती. मी सातव्या-आठव्यांदा तोच तुकडा लावला तेव्हा ती आतूनच म्हणाली, "अरे, इलाहाबाद म्हणतेय ती. किती वेळा म्हणायला लावशील तिला?"

पुन्हा लावलं. आहे! 'इलाहाबाद' स्वच्छ आहे. त्याच्या आधी '…बाई'. त्याच्या आधीची दोन अक्षरं खाच झिजल्यामुळे फुटतात, पण पहिलं 'जा' सारखं ऐकू येतं. आई म्हणते जानकीच. मी घाई करत नाही, पण लिहिताना हात थरथरतोय.

मग त्याच वेगाला रेकॉर्ड पहिल्यापासून लावली. तोच गळा, पण टोकदारपणा गेला. ताना मघाशी नुसत्या सळसळत होत्या, आता त्यातला एकेक स्वर मोजता येतो. बंदिशीचे शब्दही बरेच कळायला लागले, होरी आहे, होळीचं गाणं. आई बाहेर येऊन खुर्चीवर बसली आणि संपेपर्यंत बोलली नाही.

पंचम_जुळवा

जुनी_तबकडी, अंगावर काटा आला. इलाहाबादच्या जानकीबाई १९०७ पासून ध्वनिमुद्रण करत होत्या असं गुरुजींनी सांगितलं होतं, म्हणजे कर्ण्याचा काळ आणि घोषणेचा काळ, दोन्ही जुळतात! तुमच्या आईंना माझा नमस्कार सांगा.

समेवर

कागद गेला, छापलेलं नाव गेलं, पण बाईंनी स्वतः सांगितलेलं राहिलं. त्यांना काय ठाऊक असेल तेव्हा.

जुनी_तबकडी, शक्य असेल तर न पुसलेलं ध्वनिमुद्रण करून ठेवा, खरखरीसकट. आणि वेग किती ठेवला होता ते नावातच लिहा.

हडसनपलीकडे

+१. दोन प्रती करा, एक ७८ने, एक तुम्ही ठरवलेल्या वेगाने. पुढे कुणाला आपला अंदाज चुकलेला वाटला तर त्याला पहिल्यापासून सुरू करता यावं.

जुनी_तबकडी

दोन्ही करतो. दुसऱ्या बाजूलाही शेवटी घोषणा आहे, पण नेमकी तिथेच ओरखड्यावर पिन उडते. जाडसर टोकाची पिन मागवलीय. खाच वर कमी झिजलेली असेल तर तिथे ती टेकेल, असं काकांनी फोनवर सांगितलं.

आणि आईने विचारलंय की ती अमीर खाँची कधी लावणार. आज संध्याकाळी मारवा.

खर्ज

मारवा सूर्यास्तालाच लावा, दिवे लावायच्या आधी.

स्नेह्यांचं उत्तर अजून आलेलं नाही. तोवर रेकॉर्डीला नवं कागदी पाकीट करा, उभी ठेवा, टेकवून नको, आणि पावसाळा संपेपर्यंत कपाटात बंद करू नका. आकडे दोन्ही बाजूंचे पाकिटावर लिहा. नाव पेन्सिलीने लिहा आणि आकडा जुळेपर्यंत त्याच्यापुढे प्रश्नचिन्ह राहू द्या.